अण्णांची पेन्शन, अण्णांचं सिम

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आईवडील लातूर जिल्ह्यातल्या गावी राहतात. मी छत्रपती संभाजीनगरला असते, भाऊ पुण्यात. अण्णा ६६ वर्षांचे आहेत. साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते, २०१७ साली निवृत्त झाले. २,६१२ रुपये पेन्शन येते. फंडाचे उरलेले ४ लाख त्यांनी तालुक्यातल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवलेत, तिथं १२ टक्के व्याज मिळतं. गेल्या वर्षी हयातीचा दाखला राहिला आणि दोन महिने पेन्शन बंद पडली. तेव्हा भावाने चांगला स्मार्टफोन घेऊन दिला, मी वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं. दोन्ही कपाटात पडून आहे. अण्णा जुना बटणाचाच फोन वापरतात आणि दर महिन्याला नऊ किलोमीटरवर बँकेत जाऊन पासबुकात एन्ट्री मारून आणतात. भाऊ म्हणतो, त्यांचं सिम आपल्याकडे घेऊ आणि बँकेचं, पेन्शनचं सगळं त्याच्या मोबाइलवरून चालवू. अण्णांना हे सांगितलं तर ते भडकले: ‘मी काय मेलो का?’ दर महिन्याला त्यांच्या खात्यातून ५०० रुपये कुठंतरी जातात. त्याबद्दल विचारलं तर बोलणंच बंद केलं. त्यांचा आमच्यावर विश्वास नाही का? त्यांना मोबाइल कसा शिकवायचा?

ताई,

तुम्ही मोबाइलबद्दल विचारलंय, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फंडाचे ४ लाख मल्टिस्टेटमध्ये आहेत, हे ते वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. त्याकडे येतेच. आधी पेन्शनचं बोलू, कारण अण्णांचा राग कळायचा तर त्यांच्या हातात नेमकं काय पडतं ते पाहावं लागेल.

कारखान्यातल्या माणसाला मिळते ती ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. हिशोब असा: पेन्शनसाठी धरलेला सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. ग्यानबाची मेख ‘पेन्शनसाठी धरलेला पगार’ या शब्दांत आहे. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या नोकरीला हा पगार जास्तीत जास्त ६,५०० धरतात आणि त्यानंतरच्या नोकरीला १५,०००. हातात किती पगार पडत होता याला फारशी किंमत नाही. अण्णांची बहुतेक नोकरी २०१४ च्या आधीची, म्हणून आयुष्यभर राबूनही आकडा अडीच हजारांच्या आसपास आला. कुणी फसवलं असं नाही, हिशोबच तसा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २०१७ साली २,६१२ होते, आजही २,६१२ आहेत. या आठ वर्षांत तेल, डाळ, गोळ्या, एसटीचं तिकीट कुठल्या कुठं गेलं. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये केली, ती तिथंच थांबली. ती ७,५०० करा आणि वर महागाई भत्ता द्या, म्हणून ही म्हातारी माणसं किती वर्षं मोर्चे काढतायत. त्यांची मागणी रास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुणी म्हणेल, मग श्रावणबाळ योजनेचे पैसे घ्या. तिथं महिन्याला १,५०० मिळतात, पण वय ६५ च्या पुढं आणि वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. अण्णांची नुसती पेन्शनच वर्षाला ३१,३४४ होते. म्हणजे सरकारी मोजमापात ते गरीब नाहीत आणि घरात गोळ्यांचं पाकीट आणताना दोनदा विचार करतात. मराठवाड्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत: कारखान्यातून, जिनिंगमधून, एमआयडीसीतून निवृत्त झालेली. त्यांचं दुखणं कोणत्याच यादीत बसत नाही.

हे एवढं सांगितलं ते मोबाइलसाठीच. स्मार्टफोनचं नेटसकट रिचार्ज २८ दिवसांना साधारण ३०० रुपये धरा. २८ दिवसांच्या हिशोबाने वर्षात तेरा रिचार्ज होतात, म्हणजे ३,९००. अण्णांची दीड महिन्याची पेन्शन नुसत्या रिचार्जमध्ये गेली. तुम्ही म्हणाल, रिचार्ज आम्हीच मारतो. बरोबर आहे. पण अण्णा दर महिन्याला तो आकडा मनात मांडत असणार. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याला फोन चालू राहावा म्हणून लेकीकडं बघावं लागतं. तुमच्या स्मार्टवॉचची किंमत त्यांनी विचारली होती का? विचारली असेल तर ते कपाटात का गेलं, हे मला वेगळं सांगायला नको.

म्हणून ‘त्यांना मोबाइल कसा शिकवायचा’ हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. ज्याने चाळीस वर्षं मिलचे रोलर आणि बेअरिंग सांभाळले त्याला एक स्क्रीन जमणार नाही, हे मला पटत नाही. त्यांना तो नकोय, आणि नको म्हणण्यामागं कारण आहे.

आता भावाच्या सूचनेकडे. सिम आपल्याकडे घ्यायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. नीट बघा. यूपीआयचं ॲप चालू करताना फोनमध्ये असलेल्या सिमवरून मेसेज जातो आणि बँक त्या नंबरावरून माणूस ओळखते. म्हणजे भावाच्या मोबाइलवर अण्णांचं खातं चालवायचं तर अण्णांचं सिम त्या मोबाइलमध्येच हवं. मग बँकेचा प्रत्येक मेसेज, प्रत्येक ओटीपी, पेन्शन जमा झाल्याची ती एक ओळ, सगळं पुण्यात जाणार. अण्णांच्या हातात काय राहिलं? शिवाय पिन दुसऱ्याला देणं बँकेच्या नियमातही बसत नाही. उद्या काही गडबड झाली तर पिन स्वतःच दिला म्हणून नुकसान अण्णांच्याच माथी येईल. भावाचा हेतू वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘मी काय मेलो का’ हे अण्णांचं बोलणं मला रागाचं वाटत नाही. ज्या कागदाचं नावच हयातीचा दाखला आहे, त्यावरून हा विषय निघाला होता. आपण हयात आहोत हे त्या माणसाला दर वर्षी सिद्ध करावं लागतं, आणि त्याच तोंडी आपलीच मुलं म्हणतात, तुमचं सिम आमच्याकडं द्या.

आणि ते ५०० रुपये. ताई, ते विचारू नका. बहिणीच्या औषधाला जात असतील, जुन्या सोबत्याच्या उसनवारीत जात असतील, भिशीत जात असतील. एक वेळ फक्त पाहून घ्या की कुणी ॲपवरचं कर्ज किंवा विम्याचा हप्ता त्यांच्या नकळत चालू केलेला नाही ना. पासबुकात त्या नोंदीपुढं काय छापलंय त्यावरून बँकेतला माणूस सांगेल. ते स्वतः काढून कुणाला देत असतील तर तो त्यांचा अधिकार आहे. अडीच हजारांतले पाचशे कुणाला तरी देता येतात, ही त्यांची श्रीमंती आहे. तिथं हात घालू नका.

हयातीच्या दाखल्याचं मात्र पक्कं करून टाकू, कारण दोन महिने पेन्शन अडकणं परवडणारं नाही. बऱ्याच घरांत वाटतं की दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असतो. सरकारी पेन्शनरांसाठी नोव्हेंबर आहे. ईपीएस-९५ वाल्यांना तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून एक वर्ष चालतो. दाखला राहिला म्हणून थांबलेली पेन्शन नंतर थकबाकीसह मिळते, तेव्हा ते मागचे दोन महिने जमा झालेत का तेही पासबुकात बघा.

अण्णांचा अंगठा उठत नसणार, हे मी न विचारता सांगते. माझे मामा परभणीकडच्या एका जिनिंगमध्ये होते. पोस्टात त्या छोट्या मशीनवर त्यांनी अंगठा ठेवला, पुसला, परत ठेवला. पोस्टमनने हात धुऊन या म्हटलं. धुऊन आले. मग तर्जनी, मग डावा हात. सहा वेळा लाल दिवा लागला. शेवटी मामा स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिले. बोटांवरच्या रेषा कामात झिजून गेल्या होत्या. त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढच्या वर्षी ते गेलेच नाहीत, आणि आम्हाला वाटलं विसरले. अण्णांचंही असंच झालं असेल का, हे एकदा आईला विचारून बघा.

अशांसाठी चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय आहे. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप लागतात. ती अण्णांच्याच फोनवर पाहिजेत असं नाही, तुमच्या फोनवरून चालतं. आधार नंबर, पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा पीपीओ नंबर, बँकेचा खाते नंबर जवळ ठेवा, आणि ओटीपीसाठी अण्णांचा बटणाचा फोन शेजारी असू द्या. मामांचं मी ओट्यावर बसून केलं. पहिल्यांदा जमलं नाही, कारण मागून ऊन येत होतं. त्यांना उजेडाकडं तोंड करून बसवलं, चष्मा काढला, डोळ्यांची उघडझाप करा म्हटलं आणि झालं. दिवाळीला किंवा महालक्ष्म्यांना, घरी जाल तेव्हा दर वर्षी त्याच सणाला करून टाका, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही. तुम्हाला जाणं जमलं नाही तर पोस्टमन घरी येऊन ईपीएस-९५ वाल्यांना फुकट दाखला करून देतो. बघा, ज्या कामासाठी भावाने स्मार्टफोन घेतला ते काम वर्षातून एकदाचं आहे, आणि तेही अण्णांकडं स्मार्टफोन नसताना होतं.

मग अण्णांनी बटणाचाच फोन वापरला तर बिघडलं काय? बँकेचे मेसेज त्यावर येतात. रिचार्जचं सांगायचं तर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की नेट नसलेले, फक्त बोलणं आणि मेसेजचे पॅक द्या. ते आता मिळतात, वर्षाचा पॅक दोन हजारांच्या आत पडतो. दुकानदार आपणहून सांगत नाहीत, मागून घ्यावा लागतो. ३,९०० च्या जागी निम्म्यात काम होतं, आणि वर्षातून एकदाच मारायचं असल्याने ते रिचार्ज अण्णा स्वतः मारू शकतात. या शेवटच्या गोष्टीला मी पैशांपेक्षा जास्त महत्त्व देईन.

स्मार्टफोन घरात राहू द्या, आईसाठी. नातवंडांचे व्हिडिओ कॉल त्यावर होतील. त्यावर यूपीआय घ्यायचंच असेल तर पेन्शनच्या खात्याला जोडू नका. वेगळं छोटं खातं काढा, त्यात हजार-दोन हजार ठेवा. चूक झाली तर तेवढ्यावरच भागेल. स्मार्टवॉचचं सांगायचं तर त्याच्या बीपीच्या आकड्यावर विसंबू नका. दंडाला पट्टा बांधून मोजायचं साधं मशीन त्याहून भरवशाचं असतं.

व्हॉट्सॲपवर आणखी एक साथ आहे. ‘ईपीएस पेन्शन ७,५०० झाली, खालच्या लिंकवर नाव नोंदवा’ असे मेसेज सारखे फिरतात. हयातीचा दाखला ऑनलाइन करून देतो म्हणून फोन येतात, एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाइल पाठवतात. ती फाइल उघडली की फोन त्यांच्या ताब्यात. दोघांनाही एवढंच सांगून ठेवा: पेन्शनचं ऑफिस फोनवर ओटीपी किंवा पिन विचारत नाही, आणि पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. तरी काही झालंच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. सुरुवातीच्या तासाभरात कळवलं तर पुढं सरकलेले पैसे गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. आणि चूक झालीच तर त्यांना रागावू नका. आपली मुलं बोलतील या भीतीने कितीतरी म्हातारी माणसं दोन-दोन दिवस कुणाला सांगत नाहीत.

आता ते ४ लाख.

मल्टिस्टेट म्हणजे बँक नव्हे. बँकेत, मग ती सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेटला ते नाही. गेल्या काही वर्षांत बीड, जालना, संभाजीनगर भागात किती निवृत्तांचे, किती ऊसतोड मजुरांचे पैसे अशा ठिकाणी अडकले, ते तुम्ही-आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बंद शटरसमोर पावत्या हातात घेऊन बसलेली माणसं मी विसरू शकत नाही. अण्णांची संस्था बुडेलच असं माझं म्हणणं नाही. पण ते ४ लाख म्हणजे त्यांची खरी पेन्शन आहे, आणि तिला मागं आधार नाही.

हिशोब मांडते. १२ टक्क्यांनी त्यांना महिन्याला ४,००० मिळत असतील. हेच पैसे पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ८,२०० मिळतील, महिन्याला साधारण २,७३३. म्हणजे महिन्याला सव्वा हजाराहून जास्त तूट. ही तूट खरी आहे आणि अण्णा तेच सांगतील. पण २,७३३ हा आकडा त्यांच्या पेन्शनपेक्षा मोठा आहे, सरकारच्या हमीचा आहे, आणि एकदा पैसे भरले की पाच वर्षं व्याजदर बदलत नाही. तुम्ही दोघं भावंडं मिळून काही करायचंच असेल तर ही सव्वा हजाराची तूट भरून द्या. ते पैसे स्मार्टवॉचपेक्षा कामी येतील.

घाबरून उद्याच पावती मोडायला लावू नका. मुदत कधी संपते ते बघा, मुदतीआधी मोडली तर किती कापतात ते विचारा. मुदत लांब असेल तर थोडं व्याज सोडून बाहेर पडावं, असं माझं मत आहे. संस्थेने ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलं तर तिथंच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बचत योजनेचं खातं आईबरोबर जोड खातं म्हणून उघडा. इथं आईचा विचार कुणीच करत नाही, तुमच्या पत्रातही आईचं काही नाही. अण्णांच्या मागं आईला या पेन्शनची निम्मी रक्कम मिळेल, म्हणजे १,३०६ रुपये. तेवढ्यात एक बाई कशी जगेल? जोड खातं असेल तर ते ४ लाख आणि त्याचं व्याज तिच्या हाती सरळ येईल. पेन्शनच्या कागदावर, बँकेत, पोस्टात सगळीकडे तिचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही याच फेरीत बघून घ्या. लग्नाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर, यामुळे मागं राहिलेल्या बायका तालुक्याला खेटे घालत बसतात.

दवाखान्याचंही सांगून ठेवते. रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार नोंदणीकृत दवाखान्यांत होतात. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, तिथं उत्पन्नाची अट नाही. अण्णांना त्याला चार वर्षं आहेत, पण तुमच्या नात्यात कुणी सत्तरीच्या पुढचे असतील तर आत्ताच काढून द्या. आणि हे पत्र वाचणाऱ्या कुणाला सांगायला माणूसच नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो.

हे सगळं अण्णांशी बोलणार कसं? ‘तुमचं आम्ही बघतो’ असं म्हणू नका. मल्टिस्टेटचा विषय तर मुळीच चुकीच्या निर्णयासारखा काढू नका. त्यांनी तिथं पैसे ठेवले कारण पेन्शन पुरत नव्हती आणि मुलांपुढं हात पसरायचा नव्हता. तुम्ही त्यांना सल्ला विचारा. ‘अण्णा, माझेही थोडे पैसे ठेवायचेत, पोस्टातली ही योजना कशी आहे, चला बघून येऊ.’ पोस्टातल्या माणसाला ते तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतील.

बँकेतल्या फेरीबद्दल शेवटचं. नऊ किलोमीटर जाऊन एन्ट्री मारून आणणं तुम्हाला हेलपाटा वाटतो. पण बँकेबाहेरच्या बाकावर त्या दिवशी कारखान्यातले जुने सोबती भेटतात, कोण गेलं, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते कळतं, चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून ओढाताण होते. तो त्यांचा पगाराचा दिवस आहे. तो बंद करू नका. एका महिन्यात तुम्ही त्यांच्याबरोबर जा. गाडी नेऊ नका, एसटीने जा. वयामुळे त्यांना अर्धं तिकीट आहे, बाई म्हणून तुम्हालाही अर्धं, आणि ते दोन्ही अण्णांना काढू द्या.